गूळ-चुन्याचा लेप
पेट्रोलचा वास आला की युद्धाच्या काळातली पलूसची ती दुपार आठवते. आमच्या रानात उतरलेल्या छोट्या विमानाची टाकी सांध्यातून गळत होती. घरातला मी पहिलाच कॉलेजात गेलेला, म्हणून लेप निवडणं माझ्यावर आलं. वाटीभर पेट्रोलात टाकून पाहिलं, तर मेण आणि डांबर विरघळलं. हौदाच्या फटी बुजवायचा गूळ-चुना मात्र तसाच राहिला. तोच लावला. वाळल्यावर वैमानिकानं मला विचारलं, “हवेत टिकेल ना?” वाटीतलं मला ठाऊक होतं, हवेतलं नव्हतं. वडील म्हणाले, “आरं, व्हय म्हन की! कालिजात काय म्हसरं राखतूस?” मी हो म्हणालो. विमान कृष्णेपलीकडे गेलं. लोक माझी पाठ थोपटत होते आणि मी त्याचा आवाज मध्येच थांबतो का, ते ऐकत होतो. वैमानिक पोचला का, हे कधीच कळलं नाही. आजही कुणी शाबासकी दिली की मी गोंधळतो.