दाराबाहेरचं मंगळसूत्र

मी आयुष्यभर रंगमंचावर बायकांची मंगळसूत्रं तोडली. कामगार नाट्यस्पर्धा असो की जत्रेतला प्रयोग, खलनायक म्हटला की नानाच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिकेच्या गळ्याशी हात न्यायचो, हिसका द्यायचो, मणी टपटप फळ्यांवर सांडायचे आणि पुढच्या रांगेतल्या बायका बोटं मोडायच्या. त्या शापांवर मी जगलो. त्यातली मेख एवढीच, की ते मंगळसूत्र कच्च्या दोऱ्यात ओवलेलं असायचं. पडदा पडला की मी आणि नायिका मिळून मणी वेचायचो आणि एका बशीत चहा प्यायचो.

खऱ्या मंगळसूत्राला हिसका दिला तर ते सहजी तुटत नाही, आधी मान कापतं. हे मला म्हातारपणी समोरच्या फ्लॅटमधल्या शालनबाईंनी सांगितलं.

शालनबाई मूळच्या परभणीकडच्या. नवरा ज्योतीराम चाकणला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये लागला, म्हणून इकडं आल्या आणि तळवड्याच्या अलीकडच्या एका खाजगी मनोरुग्णालयात सिस्टर झाल्या. पुढं बायकांच्या वॉर्डाच्या इनचार्ज. आमच्या सोसायटीत त्यांना ओळखायची एक खूण होती. लग्न असो, बारसं असो, बाई भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशाच जागी बसणार. मी हातवारे करत जुन्या प्रयोगांच्या गोष्टी सांगू लागलो, की माझ्या हाताजवळचा काचेचा ग्लास हळूच सरकवून ठेवणार.

"अहो, मी काय पेशंट आहे का?" मी एकदा चिडून म्हणालो.

"नट हाव की ओ नाना. त्येच्याहून भरवसा न्हाई."

त्यांचा पुढचा एक दात बसवलेला आहे. वॉर्डात एका मुलीनं स्टीलचा पेला फेकून मारला होता. त्या मुलीबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता, राग होता तो ऑफिसवर. "पेले प्लॅस्टिकचे करा म्हणून किती वेळा सांगितलं. माझा दात पडला तवा झाले," त्या म्हणायच्या. वर हेही सांगायच्या, की पेशंट म्हणजे लेकरू, असं समजून गाफील राहू नये. काहीजण मारतात तेव्हा मारायलाच मारतात. आजार असला तरी हात खराच लागतो.

त्यांच्याच आग्रहानं मी दर गुरुवारी त्या वॉर्डात जाऊ लागलो. पदं म्हणायचो, पेशंटांकडून छोटे प्रवेश करून घ्यायचो. इतका मनापासून दाद देणारा प्रेक्षक मला ऐन उमेदीतही मिळाला नव्हता. आत जाताना माझी शबनम, चष्म्याची दोरी, खिशातलं पेन, सगळं दाराबाहेरच्या कपाटात जायचं. सिस्टर लोकांचंही तसंच. कानातलं, बांगड्या, मंगळसूत्र, गळ्यातली ओढणी, सगळं बाहेर. शिवाय औषधं वाटायला एकटीनं जायचं नाही, सोबत मावशी हवीच. वॉर्डातल्या मदतनीस बाईला तिथं मावशी म्हणतात. हे दोन्ही नियम शालनबाईंनी घातलेले, आणि त्यांच्यापुढं डॉक्टरांचंही चालायचं नाही.

त्या स्वतः वर्षानुवर्षं मंगळसूत्र काढून त्या कपाटात ठेवत आल्या. एका दुपारी ज्योतीराम फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येत होते, तळेगाव-चाकण रस्त्यावर त्यांना कंटेनरनं उडवलं. निरोप वॉर्डात आला तेव्हा बाईंचं मंगळसूत्र कपाटातच होतं. तेराव्याला सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "रोज काढून ठेवायची ना? देवानं एक दिवस उचललं."

"मी शिकलेली बाई हाय नाना," शालनबाई मला सांगत होत्या, आणि सांगताना हसत होत्या. "त्या बोलण्यात काय दम न्हाई, कळतंय मला. पण पोटात गेलं ते गेलंच."

गेल्या हिवाळ्यात वॉर्डात वर्षाली नावाची नवी सिस्टर आली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. पुनावळ्याच्या जुन्या घरातली सून, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. पहिल्याच दिवशी कपाटापाशी थबकली. म्हणाली, "मॅडम, सासूबाईंनी शपथ घातलीय. चुडा आपसूक वाढेपर्यंत उतरवायचा नाही. आणि मंगळसूत्र तर अंघोळीलाही नाही."

दुसरी कुणी असती तर बाईंनी दोन शब्दांत वाटेला लावली असती. पण त्या पोरीच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती बाईंच्या ओळखीची होती. 'काढ' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. मी काढायला लावलं आणि हिच्या नवऱ्याला काही झालं तर, असं त्यांच्या मनात आलं.

"कॉलरच्या आत घाल. वरचं बटण लाव," त्या म्हणाल्या. "आन् वर लांब बाह्यांचा कोट चढव. महिनाभर फक्त."

वॉर्डात करिष्मा नावाची एक मुलगी होती. बारीक अंगाची, माझ्या प्रवेशात नेहमी राणी व्हायची. आजार वाढला की तिला सगळीकडं मुंग्या दिसायच्या. आता ती पुष्कळ सुधारली होती. तिचे वडील कोंडीराम, निवृत्त टर्नर, तिला पुढच्या रविवारी घरी न्यायला येणार होते. घरी भाऊ, भावजय आणि भावजयीचं तान्हं बाळ. तिला घरात घ्यायला भाऊ कसाबसा तयार झाला होता, तोही एका अटीवर. तिनं कुणावर हात उचललेला नसावा.

बुधवारी सकाळी नाश्त्यानंतर वर्षाली गोळ्या वाटायला निघाली. सोबतच्या मावशीला ऑफिसनं खाली बिलाच्या खिडकीशी पाठवलं होतं, माणसं कमी म्हणून. वर्षाली एकटीच गेली. करिष्मा अर्धवट झोपेत होती, तिच्यावर ती वाकली. वरचं बटण सुटलेलं असावं. मंगळसूत्र बाहेर आलं आणि करिष्माच्या तोंडासमोर लोंबू लागलं. करिष्मानं ते पकडलं. वर्षाली घाबरून मागं सरली तशी पकड घट्ट झाली. ढकलाढकलीत हिरवा चुडा फुटला. शालनबाई धावत पोहोचल्या तोवर सोन्याची तार वर्षालीच्या मानेत रुतली होती, आणि करिष्माच्या दोन्ही तळहातांत अन् भुवईत काचा घुसल्या होत्या. बाईंनी करिष्माचा अंगठा उलगडून पकड सोडवली. त्या सोडवण्यातच एक पदर तुटला.

मानेतून रक्त येत होतं आणि वर्षाली एकच गोष्ट म्हणत होती, "वाढवलं... मॅडम, मंगळसूत्र वाढवलं मी."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी गेलो तर वॉर्डात शुकशुकाट. वर्षालीला टाके पडले होते, ती घरी होती. करिष्मा दोन्ही हातांना पट्ट्या बांधून खाटेवर बसली होती. शालनबाई तिला चमच्यानं वरण-भात भरवत होत्या. मला पाहून करिष्मा म्हणाली, "नाना, सिस्टरच्या गळ्यावर मुंग्या चढल्या होत्या. मी काढत होते. गेल्या का त्या?"

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

त्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या. मी चहा ठेवला, त्यांनी प्यायला नाही. भिंतीला पाठही लावली नाही, खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या.

"मॅनेजर म्हणतोय, विषय संपला. पेशंटनं कारण नसताना हल्ला केला, असंच सगळ्यांनी सांगायचं. माझ्यावर काय येत न्हाई, ऑफिसवर काय येत न्हाई. उद्या कोंडीरामला बोलावलंय."

"आणि करिष्मा?"

"तिचा भाऊ घरात घेईल का मग? मोठ्या सरकारी दवाखान्यात टाकतील. तिथून कधी येती, देव जाणे." मग त्या म्हणाल्या, "आन् खरं सांगितलं तर माझं इनचार्जपण जातंय. ते जाऊ द्या. पण त्या पोरीची मान मी कापली, हे तिच्या नवऱ्यासमोर कोणत्या तोंडानं सांगू? तिला राखायला ठेवलं होतं मला."

"ऑफिसनं मावशीला खाली नेलं, त्याचं काय? तुमच्या एकटीचा दोष नाही."

"त्ये पण सांगणार. पण मावशी असती तरी तार तारच होती, नाना."

रंगमंचावर अशा वेळी खालच्या पट्टीत एखादं पद सुरू व्हायचं. माझ्या स्वयंपाकघरात फक्त कुकरची शिट्टी झाली.

शुक्रवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये काय झालं, ते मला कोंडीरामांनी नंतर सांगितलं. मॅनेजरनं सुरुवात केली, "हे बघा, तुमच्या मुलीनं अचानक..." तेवढ्यात शालनबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अचानक न्हाई. मंगळसूत्र आत न्यायची परवानगी मी दिली. काचेच्या बांगड्यांची पण मीच. पोरीला मुंग्या दिसल्या, ती सिस्टरच्या गळ्यावरून झटकायला गेली. सोबत मावशी न्हवती, तिला ऑफिसनं खाली नेलं होतं." वर्षालीचा नवरा रविराज तिथंच बसला होता. हिंजवडीला कंपनीच्या कॅब चालवणारा, आडदांड गडी. त्याच्याकडं वळून बाईंनी हात जोडले. तो मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," शालनबाई मला म्हणाल्या.

करिष्मा रविवारी वडिलांबरोबर घरी गेली. भाऊ न्यायला आला नाही, पण त्यानं अडवलंही नाही. शालनबाईंचं इनचार्जपण गेलं, त्यांना खाली नोंदणीच्या खिडकीवर बसवलं.

नंतर एका संध्याकाळी वर्षालीची सासू गोजाबाई त्यांच्या दारात उभी राहिली. हातात मेथीची जुडी. शालनबाईंनी मला हाक मारली, एकटीनं ऐकून घ्यायची हिंमत नव्हती म्हणून. पण म्हातारी उंबऱ्यातच बसली.

"बाई, शपथ म्याच घातली व्हती. तुमी काय करनार? माझा हट्ट नडला लेकराला."

"आजी, तुमाला आतलं ठावं न्हाई. मला ठावं होतं. परवानगी माझी होती."

"आन् घरातून तशी धाडली कुनी? आमीच ना?"

दोघी बराच वेळ तो दोष एकमेकींच्या हातातून काढून घेत राहिल्या. मला वाटलं, वाटून घेतला तर हलका होईल. झाला नाही. गोजाबाई गेल्यावर मेथी तशीच ओट्यावर पडून राहिली.

मग मला माझी युक्ती आठवली. जुन्या पेटीतून काळे मणी, खोट्या वाट्या काढल्या, कच्च्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्र केलं आणि ऐटीत शालनबाईंपुढं धरलं. "हे घ्या! वर्षालीला द्या. वॉर्डात खुशाल घालू दे. सासूची शपथही राहील आणि मानही वाचेल. ओढा, ओढून बघा!"

बाईंनी ओढलं. दोरा तुटला, मणी टपटप फरशीवर सांडले, सोफ्याखाली, दाराखाली, सगळीकडं. मी टाळीची वाट बघत उभा. बाई गुडघे टेकून मणी वेचू लागल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "आन् हे वॉर्डात सांडले तर, नाना? करिष्मासारखी एखादी असंल. तिला काय दिसंल?"

मीही खाली बसलो. मणी वेचले.

टाके निघाल्यावर वर्षाली कामावर परतली. त्या दिवशी मी नोंदणीच्या खिडकीपाशी बाईंशी बोलत होतो. ती आली, दुरुस्त केलेलं मंगळसूत्र गळ्यातून काढलं आणि खिडकीतून आत धरलं.

"वरच्या कपाटात ठेव की," शालनबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडं ठेवा."

"अगं, माझ्या हातात?" 'विधवेच्या' हा शब्द त्यांनी तोंडानं उच्चारला नाही, पण हात मागं घेतला.

"सासूबाईंनीच सांगितलंय. काढायचंच तर मॅडमच्या हातात दे म्हणाल्या. धरा ना, उशीर होतोय."

बाईंनी दोन्ही हातांची ओंजळ केली. वर्षाली जिना चढून गेली. सोबत मावशी होती.

आता रोज असंच चालतं. गुरुवारी मी गेलो की पाहतो, खिडकीमागं बाई एका हातानं नावं लिहितात आणि दुसरी मूठ मिटलेली असते. खणात ठेवा म्हटलं तर ऐकत नाहीत. शिफ्ट सुटली की वर्षाली हसत येते आणि मंगळसूत्र घालून घ्यायला मान पुढं करते. शालनबाई फासा अडकवतात. त्यांचा अंगठा त्या गुलाबी व्रणाजवळ येतो आणि थबकतो.

"दुखतं का गं?"

"नाही हो मॅडम. रोज काय विचारता?"

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारतात.