दादांच्या सर्जरीतली माझी खुर्ची

ऐंशीच्या दशकात लंडनच्या हॅरो भागात एका मराठी डॉक्टरांच्या दवाखान्यात, म्हणजे इथल्या भाषेत सर्जरीत, मी रिसेप्शनवर बसत असे. बसत कसली, मिरवत असे. डॉक्टरांना मी दादा म्हणायची, भाऊबीजेला ओवाळायची आणि ओवाळणीची साडी नेसून दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पेशंटांना अपॉइंटमेंट द्यायची. सख्खा भाऊ नागपुरात होता, पण त्याचं कौतुक मी कधी एवढं केलं नाही.

मला दिवस गेले तेव्हा मिडवाइफने बजावलं, "रजेवर जाण्याआधी 'मी परत येणार' असं लेखी दे. मग तुला परत घेणं त्यांना कायद्याने भाग आहे. तोंडी चालत नाही."

मला हसू आलं. या गोऱ्या बाईला काय कळणार आमच्यातलं! भावाला कुणी नोटीस देतं का? तरी भीत भीत दादांना विचारलं. ते म्हणाले, "अगं वेडे, घरातल्या घरात कसली पत्रं? तुझी खुर्ची कुठे पळून जातेय?" त्याच रविवारी वहिनींनी माझं डोहाळजेवण केलं. फुलांचे दागिने घालून फोटोत मी अशी बसलेय, जणू सर्जरी माझ्याच नावावर आहे.

मुलगी झाली. बारशाला दोघं आले, वहिनींनी तिच्या पायांत चांदीचे वाळे घातले. रजा संपत आली तशी मी लेकीला आणि बर्फीच्या डब्याला घेऊन सर्जरीत गेले. काउंटरमागे वहिनींची भाची बसलेली. मला विचारते, "हॅव यू गॉट ॲन अपॉइंटमेंट?"

दादांनी आत बोलावलं. बर्फी खाल्ली, लेकीचा गालगुच्चा घेतला.

"दादा, सोमवारपासून येऊ ना?"

ते एकदम इंग्रजीत शिरले. माझ्याशी कधी बोलले नव्हते इंग्रजी. "यू सी, वी हॅड नथिंग इन रायटिंग." पुढे कायदा, नियम, सॉरी, सगळं इंग्रजीतच. मग पुन्हा मराठीत, अगदी मायेने, "तिला अजून फायली सापडत नाहीत गं. जरा दाखवून जातेस?"

आणि ही शहाणी, म्हणजे मीच, बसले की दाखवायला! उठून जावं, बर्फीचा डबा तरी परत मागावा, छे! "हे बघ, पटेल ढीगभर आहेत, म्हणून त्यांच्या फायली रस्त्याच्या नावाने लावल्यात, नाहीतर संध्याकाळपर्यंत शोधत बसशील." लेक रडायला लागली तर तिला खांद्यावर टाकून उभ्या उभ्या शिकवलं. कुठल्या आजींना मोठ्याने बोललेलं लागतं, कुठले आजोबा उगाच भांडतात, काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. दादा दारातून डोकावले, "बघ, तुझ्यावाचून चालतं का आमचं!" मी चक्क लाजले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय गं, कधीपासून जायचं?"

लेकीच्या कोटाची बटणं काढत मी म्हटलं, "नाही जायचं. वहिनींच्या भाचीला सगळं शिकवून आलेय."