झाकणावरची सही

गल्ली त्यांना चौकशीसाहेब म्हणे, आणि या माणसाला तो मान वाटे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. तिथे स्क्रू हरवला तरी चौकशी बसायची. स्क्रू कधी सापडला नाही, दोषी मात्र दरवेळी सापडला. निवृत्त होताना त्यांनी दोनच गोष्टी घरी आणल्या. एक जाड काळं मार्कर पेन, आणि बिघडलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणीतरीच बिघडवलेली असते ही पक्की समजूत. डब्यांवर, फ्यूजवर, अगदी छत्रीच्या दांड्यावरही त्यांचा हुकूम, तारीख आणि सही. या उंटावरच्या शहाण्याला बायको बत्तीस वर्षं सांभाळत होती.

तर महिन्याभरापूर्वी संडासाने कुरकुर सुरू केली. अगदी बंद नव्हता. फ्लश केला की पाणी काठापर्यंत चढायचं, गुडगुडायचं आणि सावकाश उतरायचं. प्लंबर बोलवावा, तर साहेबांच्या मते प्लंबर म्हणजे चोर. त्यांनी स्वतःच बाह्या सरसावल्या. रबरी पंप असा हाणला की शिंतोडे भिंतीवर उडाले. ते पुसले बायकोने. बादल्या ओतून झाल्या, ॲसिड ओतून झालं. मग कपडे वाळत घालायची तार काढून आत खुपसली, ती अडकली, आणि ती बाहेर काढण्यात अर्धा दिवस गेला. अक्कल पाजळून झाल्यावर चौकशी बसली.

"घरात माणसं तीन," साहेब जेवताना म्हणाले. "मी तर नाहीच. तू इतकी वर्षं वापरतेस, कधी काही झालं नाही. राहिलं कोण?"

राहिली सून. सातवा महिना, नवरा परगावी कामाला, म्हणून महिन्यापूर्वीच इथे राहायला आलेली. तिने घास ताटात परत ठेवला.

"बाबा, मी काहीच टाकत नाही हो त्यात."

"म्हणजे कबूल करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दारावर कागद लागला : 'तपास पूर्ण होईपर्यंत सूनबाईंनी शेजारी जावे.' खाली तारीख, सही. बायकोने तो फाडला, साहेबांनी दुसरा चिकटवला. अवघडलेली पोर दिवसातून आठ-दहा वेळा कठडा धरून जिना उतरायची आणि शेजारणीच्या दारात मान खाली घालून उभी राहायची. साहेब वरून वेळ बघायचे.

पाचव्या दिवशी तिने बॅग भरली.

"आई, मी माहेरी जाते. परत ये म्हणू नका."

सासूने बॅगेचा पट्टा धरला. नातवंड आपल्या दारात येणारच नाही, आणि तेही कशापायी, तर या माणसाच्या शहाणपणापायी! "तासभर थांब गं बाळा," ती म्हणाली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला न विचारता तिने फोन फिरवला.

प्लंबर आला. साहेबांनी त्याला दारातच गाठून केस, कापूस आणि हल्लीच्या मुली यांवर ऐकवलं. त्याने फ्लश ओढला आणि कान दिला तो शेजारच्या मोरीकडे. मोरीची जाळी गुडगुडली.

"अडकलेलं काही नाही. हवा कोंडलीये. गच्चीवर हवेचा पाइप असेल ना?"

"डोकं दुखतंय तर पाय तपासणार का?" साहेब हसले.

प्लंबर गुडघे धरत वर गेला. खाली आला तेव्हा हातात रंगाच्या डब्याचं झाकण आणि तारेचा गुंता होता. "पाइपाच्या तोंडावर आवळून बांधलं होतं. मागून हवाच नाही, तर पाणी पुढे सरकणार कसं?"

झाकणावर जाड काळी अक्षरं होती. बायकोने ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचली : "'गच्चीवर पेपर वाचताना दुर्गंधी येते. हे काढू नये.'" मग तारीख वाचली. सून यायच्या आदल्या दिवसाची. सही वाचायची गरज नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

साहेबांनी घसा खाकरला. "म्हणजे चौकशीतून कारण निघालंच शेवटी!"

माफीचा एक शब्द नाही. रोज संडास घासणाऱ्या त्या बाईला संडासाची कधी किळस आली नव्हती. नवऱ्याची मात्र त्या क्षणी आली.

बॅग खाली ठेवून सून सासऱ्यांसमोरून चालत गेली, दारावरचा कागद तिने ओढून काढला आणि आतून कडी घातली. थोड्या वेळाने फ्लश झाला. पाणी एका दमात गेलं. ती बाहेर आली.

"आई, बॅग माळ्यावर टाकायला सांगता यांना?"

साहेबांनी बॅग उचलली. ते माळ्याकडे वळले तसा बायकोने हातोडा घेतला, त्यांच्या खुर्चीच्या वरच भिंतीत खिळा ठोकला आणि झाकण टांगलं.

"हे काय? काढ ते आधी!"

"कसं काढू?" ती म्हणाली. "काढू नये असं लिहिलंय. खाली सही तुमची आहे."