पुढं रिकामं बॉनेट
कुणी सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, पेटवलं की त्या वासाबरोबर मी सेनगावच्या रस्त्यावर जाऊन पोचतो. मागची सीट काढून तिथंच दांडगं इंजिन बसवून घेतलेली माझी छोटी गाडी. जरा पाय दाबला की सुसाट सुटायची. पाठीशी फक्त एक पत्रा, शेजारी वडील. वळणापलीकडे मळणीसाठी सोयाबीन रस्ताभर पसरलेलं होतं. बाकीच्या गाड्या त्यावरून खुशाल जात होत्या, पण माझ्या बुटक्या गाडीनं ते पोटाखाली ओढून घेतलं आणि तापलेल्या इंजिनापाशी ते पेटलं. पाठ भाजायला लागली, आत धूर कोंडला. मी गाडी थांबवून उतरलो. वडिलांचा पट्टा काही निघेना. शेतातली माणसं घागरी घेऊन धावत आली आणि सगळं पाणी त्यांनी पुढच्या बॉनेटवर ओतलं. "पुढं काहून टाकून राहिले? इंजिन मागं हाय," मी ओरडत होतो. "इंजिन राहू द्या, आधी माणूस काढा," म्हणत सोयाबीनवाल्या बाईनं आत वाकून विळ्यानं पट्टा कापला. मग माती टाकून आग विझवली. गाडी मी दुरुस्त करून अजून ठेवलीय. वडीलही बसतात; आधी पायाशी विळा ठेवतात, मग पट्टा लावतात.