चार ओव्हरचा बॉलर

लंचला सगळे धपाधप बसले आणि वाकून बूट काढू लागले. निलेशने मात्र पाय खुर्चीवर ठेवला आणि कंबर ताठ ठेवून लेस सोडली. ते पाहून माझा घास हातातच राहिला.

मी नागपुरातल्या एका क्रिकेट क्लबची फिजिओ आहे. आमची तीन दिवसांची मॅच चालू होती आणि निलेश आमचा सगळ्यात वेगवान बॉलर. मूळचा नरखेडकडचा. त्याआधी दोन महिने तो ट्वेंटी-ट्वेंटीच्या एका लीगमध्ये खेळत होता. तिथे एका बॉलरला जास्तीत जास्त चार ओव्हर टाकता येतात. त्या सकाळी मात्र कॅप्टनने त्याला स्पेलमागून स्पेल दिले होते.

"कंबर दुखते आहे का?" मी विचारलं.

"काही नाही जी मॅडम. जराशी आखडून राहिली."

मी त्याला आतल्या खोलीत नेलं. एका पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं. उजव्या पायावर तो सहज वाकला. डाव्यावर त्याचा श्वास अडकला. मग तो माझ्याकडे बघून हसला.

उजव्या हाताने फास्ट टाकणारा बॉल सोडतो, तेव्हा कमरेच्या डाव्या बाजूवर मोठा ताण येतो. मणक्याच्या मागच्या भागात हाडाचा एक बारीक पूल असतो. सवय नसताना तो ताण पुन्हा पुन्हा आला, की आधी तिथे सूज येते आणि नंतर चीर जाते. ती चीर म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. मग बॉलरचं आख्खं वर्ष जातं. कधीकधी वेगही परत येत नाही.

"सरले नोका सांगू," निलेश म्हणाला. "सिलेक्टर बसले आहेत तिथं. ते मले चार ओव्हरचा बॉलर समजतात. आज दाखवू द्या न मले."

वरच्या पातळीच्या संघासाठी सिलेक्टरना दिवसभर टाकू शकणारा बॉलर हवा होता, हे मलाही माहीत होतं. तरी मी ठोंबरे सरांकडे गेले. ते आमचे कोच. आवाज मोठा, मन वाईट नाही. पण त्यांच्यासमोर माझी वाक्यं अर्धवटच राहतात.

"सर, निलेशला आज आणखी बॉलिंग..."

"काहून? काय झालं त्याले?"

"बहुतेक हाडावर ताण आला आहे."

"अवं मॅडम, दोन महिने चार-चार ओव्हर टाकून आला तो. सगळ्यात फ्रेश तोच आहे!"

"फ्रेश आहे, पण सवय नाही सर. चार ओव्हरवरून एकदम इतक्या..."

"पक्कं सांगता का फ्रॅक्चर आहे म्हणून?"

"एमआरआयशिवाय नाही सांगता येणार."

"मग? आमच्या वेळेस कंबर दुखली तर बाम लावून दुसरा स्पेल टाकत होतो. त्याले तयार करा. लंचनंतर तोच सुरू करते."

आमच्या क्लबमध्ये शेवटचा शब्द कोचचा असतो. मी मान हलवली आणि परत आले. निलेशला पालथं झोपवलं, कमरेवर बर्फ ठेवला.

अंपायर मैदानात गेले. टीम गेली. निलेशच्या जागी दुसरा फिल्डर गेला. निलेश उठायला लागला तशी मी म्हणाले, "अजून थोडा वेळ."

क्रिकेटमध्ये एक नियम आहे. फिल्डिंगच्या वेळी खेळाडू जितका वेळ बाहेर राहतो, परत आल्यावर साधारण तितका वेळ त्याला बॉलिंग करता येत नाही. मैदानात बॉल लागून दुखापत झाली असेल तरच सूट. कंबर दुखण्याला सूट नाही.

निलेशच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "मॅडम, आता मले बॉलच टाकता नाही येणार ना?"

मी बर्फाची पिशवी सरळ केली. त्याने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

तेवढ्यात ठोंबरे सर दार ढकलून आले. "त्याले बाहेर काहून ठेवलं वं पोरी? आता तेवढाच वेळ त्याले बॉल देता येत नाही, माहीत आहे का तुले?"

"माहीत आहे, सर."

ते दार आपटून गेले. निलेश टी-टाइमपर्यंत बाहेरच राहिला आणि त्या दिवशी उरलेली बॉलिंग स्पिनर्सनी केली. सिलेक्टर टी-टाइमनंतर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेत निलेशचा एमआरआय झाला. बाहेर बसले असताना मला एकच भीती होती. रिपोर्ट नॉर्मल आला तर? एका मुलाची संधी मी उगाच घालवली, असं होईल. त्याच्या हाडात काहीतरी निघू दे, असं एक क्षण मनात आलं. फिजिओच्या मनात असं यावं, याची मला भीती वाटली.

हाडात सूज होती. चीर गेली नव्हती.

"म्हणजे फ्रॅक्चर नाही न?" ठोंबरे सरांनी विचारलं.

"नाही. पुढच्या स्पेलमध्ये कदाचित झालं असतं."

"कदाचित," ते म्हणाले.

त्या मोसमात निलेशची निवड झाली नाही. विश्रांतीचे महिने तो माझ्याशी व्यायामापुरतंच बोलला. मग आम्ही त्याच्या ओव्हर हळूहळू वाढवत नेल्या. आता तो तीन दिवसांच्या मॅचमध्ये तिसरा स्पेलही त्याच वेगाने टाकतो. लीगहून आलेल्या बॉलरला ठोंबरे सर आधी माझ्याकडे पाठवतात. कारण सांगत नाहीत.

मी बरोबर होते का, हे मात्र मला सिद्ध करता येणार नाही. न झालेल्या फ्रॅक्चरचा रिपोर्ट कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही.