पुरूकाकांचं नाव जड नव्हतं

पुरूकाका गेले आणि सकाळपासून मला किळस येतेय.

व्हॉट्सॲपवर त्यांचे फोटो फिरतायत. फुलं, दिवे, जोडलेले हात. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली, त्याचं नाव आज ज्याला त्याला मोठ्या अक्षरात लिहायचंय.

मेले ढोंगी सगळे. त्यात मीही आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुरूकाका म्हणजे माहीमचे पेंटर, मुंबईतल्या नव्हे, आमच्या इकडच्या माहीमचे. बोईसरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. तारापूर एमआयडीसीतल्या गेटागेटावरचं 'धूम्रपान करू नये'सुद्धा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बोईसरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथल्या एका केमिकल कंपनीचा रौप्यमहोत्सव होता आणि साहेबांना लेझर शो हवा होता. मशीन मुंबईच्या पार्टीचं, भाड्याने. पार्टीने सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या आणि जाडजूड इंग्लिश मॅन्युअल आधीच पाठवून दिलं, चित्रं तुमची तुम्ही करा म्हणून. कंपनीने ते सगळं माझ्या गळ्यात मारलं.

हातात दिवस बारा. लेझर मी बापजन्मात पाहिलेला नव्हता.

त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षर औषधालाही नव्हतं. म्हणून पुरूकाकांना बोलावलं. त्यांनी अक्षर काढायचं, मी त्याच्यावर पॉइंट टाकत जायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी माउस ब्रशसारखा हवेत धरला. मी फिस्सकन हसले. त्यांनी तो शांतपणे खाली ठेवला आणि ह्याला टेकूनच चालायला लागतं होय, एवढंच म्हणाले.

अक्षरं मात्र काही केल्या जमेनात.

लेझर म्हणजे एकच ठिपका. तो इतक्या जोरात पळतो की आपल्याला रेघ दिसते. आणि आपण अक्षरं आधी काढतो, डोक्यावरची रेघ शेवटी. काकांनीही तसंच काढलं, मीही तसेच पॉइंट टाकले. ती रेघ मारायला ठिपका दर वेळी उलटा पळायचा आणि स्क्रीनवर कंपनीचं अख्खं नाव हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं.

मुंबईला फोन केला. तर म्हणे, मॅडम, इंग्लिशमध्ये करून टाका, कोण बघतंय.

काका दोन दिवस बटर पेपरवर नुसतं बोट फिरवत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी आले ते बोलतच आले.

"रेघ आदी. बांधावरनं चालायचं, वाडी आली का खाली उतरायचं, फिरून परत बांधावर. पाय उचलायचाच नाय."

म्हणजे वरच्या रेघेने निघायचं, प्रत्येक अक्षरात उतरायचं आणि पुन्हा रेघेवर यायचं. तसे पॉइंट टाकले. नाव खिळा ठोकल्यासारखं स्थिर उभं राहिलं.

त्या मॅन्युअलमध्ये हे कुठेही नव्हतं बरं का.

काकांनी एकच मागितलं. पाटीच्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव घालतो, तसं शोच्या शेवटी आपलं नाव यावं. मॅनेजरसाहेब म्हणाले, हो हो, का नाही.

त्या एका फ्रेमवर काका चार दिवस बसले. 'ष'चं पोट पाच वेळा बदललं.

शोच्या दिवशी दुपारी मशीन आलं. गोडाऊनच्या अंधारात, भिंतीवर मी ते नाव लावून बघितलं. मागे मॅनेजरसाहेब उभे होते. एमडींच्या नावानंतर पेंटरचं नाव? काढून टाका, म्हणाले. आणि जाता जाता, तुमचं अपॉइंटमेंट लेटर टायपिंगला दिलंय हं.

मला कंपनीतली ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

कॉम्प्युटरने विचारलं, नक्की डिलीट करू? त्याने तरी विचारलं. मी वाय दाबलं.

संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत काकी आणि लेक. पुढे खुर्च्या साहेबलोकांच्या, म्हणून हे तिघे पाण्याच्या टाकीपाशी उभे. शेवटी एमडींचं नाव आलं, टाळ्या झाल्या, लाइट लागले. पार्टीची माणसं पडदा गुंडाळायला लागली तरी हे तिघे तिथेच. काकी विचारत होत्या, झालं का?

मग काका माझ्याकडे आले. मला वाटलं, आता चिडतील. चिडायलाच हवं होतं.

"माजं नाव जड झालं काय गो मशीनला?"

मी म्हणाले, "हो काका. पॉइंट जास्त होत होते. लुकलुकत होतं."

"मंग बरं केलंस काडलंस ते. शो खराब झाला असता."

शी.

अकरा वर्षं मी त्या कंपनीत नोकरी केली.

आधी काकांच्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात पूर्ण नाव असायचं. त्या शोनंतर फक्त 'पु. रा.'. एकदा बोईसरच्या बाजारात भेटले तेव्हा न राहवून विचारलं. नाव हलकंच बरं, म्हणाले, तूच तर सांगितलंस. आणि हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडलं नाही.

आज तोच मॅनेजर, आता रिटायर्ड, ग्रुपवर लिहितो, 'आमच्या कंपनीने घडवलेला कलाकार.' खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात एक जोडी माझी. सवयीने दाबली गेली.

पडद्यावर नाही आलं. पाटीवरूनही गेलं. निदान इथे पूर्ण लिहिते.

पुरुषोत्तम राऊत, माहीम.

काका, श्रद्धांजली बाकीचे वाहतायत, माझी ती लायकी नाही. शेवटचा नमस्कार करते आणि तेव्हा सांगायचं होतं ते आज सांगते.

त्या दुपारी खऱ्या मशीनवर मी तुमचं नाव लावलं होतं.

अजिबात लुकलुकलं नव्हतं.