हल्ल्याचं सामान

जैविक हल्ल्याची तालीम ठेवली, तेव्हा मेलेल्या बाईचं काम मला मिळालं. मी आमच्या गावची आशा. गोळ्या वाटायच्या, बाळंतिणींच्या घरी जायचं, ताप मोजायचा हे माझं काम. मरून दाखवणं त्यात कुठं बसतं, हे मी विचारलं नाही. वरून निधी आला होता. कुणी पाकिटातून रोगाची पावडर पाठवली तर काय करायचं, याच्या तयारीचा. पांढरे पोशाख, मुखवटे, हातमोजे, पाठीवरचे फवारे, असं तालुक्याच्या आरोग्य कचेरीत खोलीभर सामान येऊन पडलं. आमच्या गावाकडं, दिग्गीच्या वाटेला, आम्हालाच वेळेवर बस मिळत नाही. तो दहशतवादी पाकीट घेऊन कशानं येणार होता, देव जाणे.

तालमीत व्यत्यय नको म्हणून सगळ्यांचे मोबाईल एका डब्यात काढून ठेवले. मी दुपारपर्यंत फरशीवर पडून होते. पोशाखातली माणसं मला उचलत होती, फवारत होती, आणि एक जण फोटो काढत होता. शेवटी साहेबांनी भाषणात सांगितलं, की आपण आता कशालाही तयार आहोत.

फोन हातात आला तेव्हा थोरल्या दिरांचे चार कॉल दिसले. लावला, तर म्हणाले, खळ्यामागं वानर मरून पडलं होतं. वानर मेलं की आधी मला कळवा, असं मीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी कळवलं होतं. मीच मरून पडले होते.

"किती येळ ठिवायचं त्येला उनात? मारुती हाय त्यो. नवा पंचा घातला, नारळ फोडला, पुरून आलो."

"भावजी, हातानं उचललं?"

"मग काय काठीनं ढकलू?"

आमच्याकडे वानर मेलं की घरचं माणूस गेल्यासारखं करतात. अंगावर कोरा पंचा, हळदकुंकू, आणि घरचा कर्ता पुरुष त्याला दोन्ही हातांवर घेऊन खड्ड्यात ठेवतो. पण वानर मरतं ते बऱ्याचदा माकडतापानं, आणि ते थंड पडलं की अंगावरच्या बारक्या गोचिडी तोच ताप घेऊन नवं अंग शोधायला निघतात. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी गावाला 'कळवा' एवढंच सांगितलं. मारुतीला हात लावू नका, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ही चूक माझी, ती मी कुणाच्या गळ्यात घालत नाही.

बाकीचं पाप मात्र कचेरीचं. दुसऱ्या दिवशी मी परत कचेरीत गेले. खळ्यावर मारायला फवारा द्या, हातमोजे द्या, गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल द्या. तेल संपलं होतं. आमचं गाव मराठी, पण तालुका कर्नाटकातला; साहेब कन्नडमधून, अगदी गोड आवाजात म्हणाले, "अम्मा, ते सामान हल्ल्यासाठी आहे. माकडतापाचं खातं वेगळं. उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू?"

मी म्हटलं, हल्ला झालाय. ते हसले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे ऐकलं होतं; इथं बंब समोरच होता आणि त्याला कुलूप होतं. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

आठवड्यानं दिरांना ताप भरला. डोळे लाल, हिरड्यांतून रक्त. गाडी करून लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच ते गेले. त्यानंतर थोरली जाऊ माझ्याशी बोलायची थांबली. एका घरात राहून वर्षभर तिनं मला हाक मारली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच बांधावर दुसरं वानर पडलं. मी कचेरीत कळवलं. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले, दुसऱ्या दिवशीही कुणी फिरकलं नाही. गावानं पंचा आणि नारळ आणला. मी आडवी गेले.

"कुणी शिवायचं न्हाई. जाळायचं."

"मारुतीला जाळतीस?" एक म्हातारा म्हणाला. "सरकारचं पैसं खाऊन डोस्कं फिरलंय तुझं."

माणसं लांब जाऊन उभी राहिली. मदतीला कुणी येईना. नवरा कामाला रामनगरला गेलेला. मी त्याचा रेनकोट घातला, हातापायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि खळ्यावरचा पेंढा आणून वानरावर टाकला. हात जोडले आणि काडी लावली. पेंढा भुरकन जळायचा आणि विझायचा. मी रडत होते, आणि त्या साहेबाला शिव्या देत होते.

तेवढ्यात जाऊ आली. डोक्यावर जाड लाकडांचा भारा. घरात तेवढीच सुकी लाकडं होती. तिनं भारा माझ्या पायाशी टाकला.

"पेंढ्यानं काय हुतंय?" ती म्हणाली. "नीट जाळ. हाड सुदिक ठिवू नको."

मग ती गावाकडं तोंड करून उभी राहिली, आणि सगळं जळेपर्यंत तिनं कुणाला पुढं येऊ दिलं नाही.